शेवंतीचा ठोंब फोडायचा असतो



थंडी सरत आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. दारातली शेवंती पहिल्या वर्षी भरभरून फुलली, दुसऱ्या वर्षी बरी फुलली आणि तिसऱ्या वर्षी मधूनच वाळायला लागली. खत घातलं, पाणी घातलं, दुकानदारानं दिलेलं औषध मारलं, तरी हातची जातेय. काय करावं?

करायचं ते एकच. ठोंब उपटायचा आणि फोडायचा. हे सांगितलं की समोरचा माणूस दचकतो. "अहो, जगवायची आहे, उपटायची नाही," म्हणतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी पुरंदर तालुक्यातला शेतकरी. रानात दर साली दहा गुंठे शेवंती असते. ती बाजाराची. तिची रोपं नर्सरीतून विकत आणायची, ठिबकवर वाढवायची, फुलं क्रेटमध्ये भरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवायची आणि हंगाम संपला की रोटर मारून मोकळं व्हायचं. तिचा हिशोब वेगळा, तो पुन्हा कधीतरी. आजचं लिहिणं परसातल्या शेवंतीचं आहे. गोठ्याच्या भिंतीकडेला, मोरीच्या पाण्यावर वाढणारी, देवाला आणि वेणीला लागणारी, कुणी कधी विकत न आणलेली. आमच्या घरात तिला नुसतं 'पिवळी' म्हणतात. फूल लहान, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, पण एका झाडाला इतकं लागतं की पान दिसत नाही.

आता ठोंब मधून का वाळतो ते बघू. शेवंतीची जी काडी एकदा फुलली ती पुन्हा फुलत नाही. ती कडक होते, लाकडासारखी. झाड पुढच्या वर्षाची तयारी जमिनीखालून करतं. बुडातून आडवे फुटवे निघतात, बाहेरच्या बाजूला सरकतात आणि तिथं कोंब वर काढतात. ह्यांनाच आपण काश्या म्हणतो. म्हणजे झाड दर साली मधल्या जागेतून बाहेर पळत असतं. मध्ये उरतं ते जुन्या बुडख्यांचं आणि मुळ्यांचं जाळं. त्यात पाणी मुरत नाही, वरच्या वर वाहून जातं. कडेच्या काश्या एकमेकींना दाबतात, त्यांच्यात वारा खेळत नाही, मग पानांवर ठिपके येतात, भुरी येते. अशा ठोंबाला आपण वरून खत घालतो ते त्या मेलेल्या मधल्या भागातच पडतं. रोग औषधानं थोडा हटतो, पण मूळ दुखणं गर्दीचं आहे. गर्दी मोडली की निम्मं काम झालं.

आमच्याकडं हे वर्षभराचं काम कसं चालतं ते क्रमानं सांगतो.

जानेवारी संपता संपता फुलं उतरतात. तेव्हा सगळ्या काड्या जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायच्या. ठिपके पडलेला पाला खताच्या खड्ड्यात टाकू नका, वाळवून जाळा. ठोंबाभोवती खुरप्यानं माती हलवायची, अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत पसरायचं आणि बेताचं पाणी द्यायचं. पंधरा दिवसांत बुडातून हिरवे कोंब दिसायला लागतात.

पाडव्याच्या आगेमागे काश्या चार-सहा पानांच्या होतात. ही फोडायची वेळ. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे माती सुटते. खुरपं ठोंबाच्या बुडाशी न घालता वीतभर लांबून गोल फिरवा आणि अख्खा गड्डा उचला. माती झटका. आता हातात घेऊन बघितलं की तुमचं तुम्हालाच कळतं. मध्ये काळपट, लाकडासारखं बुड, आणि बाहेर पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या कोवळ्या काश्या. बाहेरच्या ठेवायच्या, मधलं फेकून द्यायचं. इथं माया करायची नाही. आमची आई तर मधलं बुड बघतसुद्धा नाही, पायानं बाजूला सारते.

निवडलेल्या काश्या बोटाएवढ्या लांब, निदान दोन-तीन पांढऱ्या मुळ्या असलेल्या हव्यात. लांब वाढलेला शेंडा खुडायचा, खालची पानं काढायची. एप्रिल-मेचं ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून आम्ही त्या आधी शेवग्याच्या सावलीत छोट्या वाफ्यात दाटीनं लावतो आणि सकाळी थोडं थोडं पाणी देतो. मृग निघाला, एक-दोन पाऊस झाले, की कायमच्या जागी. दोन झाडांत एक फूट अंतर. तेवढ्यात भागतं का, असं लावताना वाटतं. दिवाळीला बघा, मध्ये बोट घालायला जागा राहत नाही.

जागा उन्हाची हवी, निदान अर्ध्या दिवसाच्या. माती कशीही चालेल, पण पाणी साचता कामा नये. आमची जमीन मुरमाड, ती शेवंतीला मानवते. ज्यांची काळी, चिकण आहे त्यांनी वीतभर उंच बोद करावा आणि त्यावर लावावी. काळ्या रानात सपाट लावलेली शेवंती आषाढात मर लागून जाते, आणि एकदा मुळी कुजली की कोणतंही औषध तिला परत आणत नाही. कुंडीत लावायची तर दहा-बारा इंची कुंडी, एकात एकच रोप, आणि बुडाचं भोक मोकळं आहे का ते आधी बघा.

लावल्यावर महिन्यानं शेंडा खुडायचा. नखानं दोन पानं आणि वरचा कोंब, बस. एका शेंड्याच्या जागी तीन-चार फांद्या फुटतात. तीन-साडेतीन आठवड्यांनी त्या फांद्यांचेही शेंडे खुडायचे. झाड बसकं, गोल होतं आणि वाऱ्यानं लोळत नाही. मात्र गौरी-गणपती आले की शेंड्याला हात लावायचा नाही. त्यानंतर खुडलं तर आपण कळीच खुडतो.

पाणी बुडाशी द्या, झारीनं डोक्यावरून नको. पान रात्रभर ओलं राहिलं की ठिपके आलेच. ढगाळ हवेत शेंड्यावर मावा बसतो. थोडा असेल तर ओल्या फडक्यानं पुसून काढा. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क. घरच्यापुरता करायचा तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारायची. फांद्यांना तुरकाठ्या लावून सुतळीनं सैल बांधा. आणि उमललेलं फूल झाडावर वाळू देऊ नका. खुडत राहिलात तर मागच्या कळ्या जोमानं येतात. आमच्याकडं हे काम मार्गशीर्षातल्या गुरुवारांनी आपोआप होतं.

आता एक वेगळीच अडचण सांगतो, कारण ती हल्ली गावोगाव झालीय. झाड हिरवंगार, उंच, तब्येतीचं, पण कळी नाही. लोक म्हणतात, खत कमी पडलं. आणि अजून खत घालतात.

अशा वेळी संध्याकाळी सात वाजता झाडाजवळ जाऊन उभं राहा आणि वर बघा. डोक्यावर दिवा आहे का?

शेवंती रात्र मोजते. आपल्याकडं पुण्याच्या आसपास जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरातला लहानात लहान अकरा तासांचा. पावसाळा सरताना दिवस आखडायला लागतो, रात्र लांबत जाते, आणि त्या लांबलेल्या अंधारावर शेवंती कळी धरते. वनस्पती असा दिवस-रात्रीचा हिशोब ठेवतात हे गार्नर आणि अलार्ड ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. आज फुलशेतीवाले हेच ज्ञान वापरतात. फूल उशिरा हवं असेल तर मध्यरात्री काही तास दिवे लावतात, लवकर हवं असेल तर संध्याकाळी काळं कापड ओढतात.

आमच्या वाटेला चार वर्षांपूर्वी खांबावर पांढरा एलईडी दिवा आला. चांगलंच झालं, म्हातारी माणसं अंधारात ठेचकाळायची थांबली. पण त्या वर्षी आमच्या वाफ्याचे सरळ दोन भाग पडले. भिंतीच्या सावलीतला भाग नेहमीसारखा दिवाळीत पिवळा झाला, आणि दिव्याखालचा भाग डिसेंबर उजाडला तरी नुसता हिरवा. एकच माती, एकच पाणी, एकाच ठोंबातल्या काश्या. दिवा तर हवाच आहे, म्हणून आम्ही वाफा गोठ्यामागं हलवला. ज्यांच्याकडं दुसरी जागा नाही त्यांनी कुंडीत लावावी आणि गणपतीपासून कळी धरेपर्यंत संध्याकाळी कुंडी आडोशाला सरकवावी, सकाळी परत उन्हात आणावी. आड पडेल असा पोत्याचा पडदा बांधला तरी चालतं. मात्र रोज बांधायला हवा. मधूनच एखाद्या रात्री राहिला तर झाडाचा हिशोब चुकतो.

इथपर्यंत जगवायचं झालं. पण फोडायची का, ह्याचं अजून एक कारण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

परसातली शेवंती बियांवर टिकत नाही. ती स्वतःच्या परागावर बी धरत नाही, आणि दुसरीच्या परागावर धरलंच तर त्यातून येणारं झाड आईसारखं नसतं. तिचा रंग, तिचा वास, तिची वेळ जशीच्या तशी हवी असेल तर काशीच लावावी लागते. आणि काशी म्हणजे त्या झाडाचा तुकडा. म्हणजे माझ्या गोठ्यामागं जे फुलतं ते आजीनं लावलेल्या शेवंतीचं नातवंड-पतवंड नाही. तेच झाड आहे. मध्ये मातीचा खंड पडलेला नाही एवढंच. ज्या वर्षी खंड पडेल त्या वर्षी ते संपलं. ज्वारीचं बी मडक्यात राखेत घालून ठेवता येतं. शेवंती अशी कशात घालून ठेवता येत नाही. ती कुठल्या ना कुठल्या दारात जिवंतच असावी लागते.

आमच्याकडं हा खंड पडला होता.

२०१८ साली पाऊस लवकर गेला. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. आमच्या विहिरीनं त्याआधीच तळ दाखवला होता. संक्रांतीनंतर टँकर सुरू झाला. घरात सात माणसं, गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड. आई भांडी विसळलेलं पाणी शेवंतीला घालायची, राख निवळून वरचं पाणी. एप्रिलात तेही बंद झालं, कारण ते पाणी गाईंच्या भुशात जायला लागलं. ह्यावर घरात कुणी बोललं नाही. गाय आणि फूल ह्यांत निवड करायची वेळ आली की शेतकऱ्याच्या घरात चर्चा होत नाही. मे महिन्यात ठोंब हातात घेतला तर भुगा झाला. एकही पांढरी मुळी नव्हती.

आईनं त्या दिवशी बारामती तालुक्यात आत्याला फोन लावला. बाकीची ख्यालीखुशाली झाल्यावर शेवटी म्हणाली, "वन्सं, पिवळी गेली आमची."

आत्या म्हणाली, "गेली म्हंजे? हितं माझ्या दारात हाय की. ती काय माझी हाय व्हय? तुमच्याच दारातनं आणल्याली हाय."

आत्याचं लग्न १९८४ सालचं. सासरी जाताना आजीनं फडक्यात बांधून काश्या दिल्या होत्या. तिचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या काठावरचं. दुष्काळ तिकडंही होता, पण कालव्याच्या ओलाव्यावर हातपंपाला पाणी टिकलं, आणि तेवढ्यावर परसातला वाफा तगला. जुलैत पाऊस पडल्यावर आत्या एसटीनं आली. हातात ओलं पोतं. त्यात चाळीसेक काश्या, मुळ्यांना चिखल लावून, केळीच्या पानात गुंडाळलेल्या. लावायला उशीर झाला होता, शेंडे एकदाच खुडता आले, फुलंही त्या साली कमीच आली. पण आली. त्याच रंगाची.

पुढं गोष्ट उलटी झाली. आत्याच्या पोरांनी जुनं घर पाडून बंगला बांधला. चांगला बांधलाय, आत्याला गुडघेदुखीमुळं खाली वेगळी खोली काढून दिलीय. पण परस गेलं. सगळीकडं पेव्हिंग ब्लॉक. आत्यानं एक ठोंब रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून गच्चीवर ठेवला. उन्हाळ्यात गच्ची तापली, तिला जिना चढवेना, डबा वाळला. मला म्हणाली, "आता तुझ्याकडं हाय तेवढीच बघ."

हे ऐकून मी त्या वर्षीच्या काश्या मोजल्या. बासष्ट निघाल्या. आम्हाला वाफ्याला वीस पुरतात. एरवी उरलेल्या बांधावर टाकल्या असत्या किंवा कुणी मागितल्या तर दिल्या असत्या. त्या वर्षी मी स्वतः फिरलो. अकरा घरांत दिल्या. मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी दिल्या. एक घर कालव्याकाठी, एक डोंगराकडं, एक सासवडला फ्लॅटच्या गॅलरीत, एक आमच्याच वाडीत पण दुसऱ्या विहिरीवर. एका ठिकाणचं पाणी गेलं तर दुसऱ्या ठिकाणी असावं एवढाच त्यामागं विचार. डायरीत नावं लिहून ठेवली. घेणाऱ्याला एकच अट घातली, की पाडव्याला ठोंब फोडायचा आणि निदान दोन काश्या दुसऱ्या घरात द्यायच्या.

अकरांपैकी चार घरांतली पहिल्याच वर्षी गेली. एका ठिकाणी शेळीनं खाल्ली. दोन ठिकाणी पावसाळ्यात पाणी साचून मर लागली. गॅलरीतली गेली कारण ते कुटुंब सुट्टीला महिनाभर गावी होतं. सात घरांत टिकली, आणि त्या सातांतल्या तिघांनी पुढं दिल्यात. त्यातल्या एका घरात ती आत्याच्या पुतणीकडं पोचलीय, आत्याच्या बंगल्यापासून तीन घरं सोडून. गेल्या मार्गशीर्षात आत्याच्या देवघरात तिचीच फुलं होती. आईला आत्यानं फोन करून सांगितलं, आणि आईनं तो फोन दिवसभर सगळ्यांना सांगितला.

रानातल्या शेवंतीवर माझं घर चालतं, त्यामुळं नव्या जातींना मी नावं ठेवणार नाही. त्यांची फुलं मोठी असतात, वाहतुकीत टिकतात, बाजारात त्यांनाच भाव मिळतो. पण ती रोपं नर्सरीत सुरक्षित आहेत. आजी-आत्याच्या दारातल्या शेवंतीला नर्सरी नाही. गावोगाव अशा शेवंत्या आहेत. कुठं झिपरी, कुठं पांढरा राजा, कुठं नुसती 'आईची गुलाबी'. घर नवं बांधताना पहिल्यांदा परस जातं आणि परसाबरोबर ती जाते. म्हणून जेसीबी येण्याआधी एक ठोंब उचलून शेजारी द्या, एवढं तरी कराच.

ह्या वर्षीच्या काश्या पाडव्यानंतरच्या रविवारी काढणार आहे. पन्नासच्या आसपास निघतील असा अंदाज आहे. जवळपासच्या मंडळींनी सकाळी दहाच्या आत यावं, उन्हात काश्या काढत नाही. येताना ओलं पोतं किंवा सुती फडकं आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या उबतात. एका घराला पाच मिळतील. आणि तुमच्या दारात जुनी शेवंती असेल तर तिच्या दोन काश्या घेऊन या. गोठ्यामागं अजून एका वाफ्याची जागा मोकळी केलीय.